एका परसातले सहा कोंबडे

आमच्याकडं घरटी एकच कोंबडा ठेवायची रीत. दुसरा आरवायला लागला की पाट्यावर मसाला वाटायला घ्यायचा. माहेरी तेच, सासरी तेच. दुसऱ्या कोंबड्याचं पहिलं आरवणं फाटक्या आवाजाचं असतं, सुरू होतं आणि मध्येच बसतं. ते ऐकलं की माझे धाकटे दीर हातातलं काम टाकून यायचे आणि म्हणायचे, "वयनी, पावणा बोलायला लागला बघा." त्याचा अर्थ मला वेगळा सांगावा लागत नसे. त्यांचं घर आमच्या शेजारीच, मध्ये एक बोळ. एरवी हाक मारून घसा बसला तरी ऐकू न येणारा माणूस, पण कोंबड्याच्या आवाजाला कान कसे तिखट.

तर अशा गावात माझ्या परसात सहा कोंबडे आहेत. सहाच्या सहा एका जागी. मध्ये जाळी नाही, कुणाच्या पायात दोरी नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या गावानं आधीच हसून घेतलंय, आणि आता तेच गाव पाहुणे आले की त्यांना माझ्या परसाच्या दाराशी आणून उभं करतं. "चला, एक गंमत दाखवतो," म्हणतात. गंमत म्हणे! रोज पहाटे उठून ही गंमत कोण सांभाळतं, ते मला विचारा.

हे सहा मी हौसेनं जमवलेले नाहीत. माझी एक कवडी कोंबडी खुडूक बसली होती. तिच्याखाली अंडी ठेवली, पिल्लं निघाली आणि पाठोपाठ एका दुपारी परसात मुंगूस शिरलं. मी ओरडत धावेपर्यंत कोंबडी गेली होती. पण पडली तीही पिल्लांवर पंख पसरून. पंख उचलला तर खाली सहा पिल्लं थरथरत जिवंत. मी ती ओच्यात घेतली आणि घरात आणली. तुरकाठ्यांचं डालगं स्वयंपाकघरात उपडं घातलं, आत एक दिवा सोडला आणि ज्वारीच्या कण्या भरडून भरडून त्यांना वाढवलं. पीठ मळताना ती माझ्या पायांवर चढायची. भाकरी थापताना माझ्या मांडीशी येऊन झोपायची. पोटची लेकसुद्धा मला एवढी चिकटली नव्हती.

पुढं तुरे फुटायला लागले. एकाला फुटला, म्हटलं बरं, एक नर असावा. दुसऱ्याला फुटला. मग तिसऱ्याला. सहावं पिल्लू बुटकं, पायानं आखूड. त्याच्यावर माझी शेवटची आशा होती की ही तरी मादी असेल, दोन अंडी तरी देईल. त्यानंही एक दिवस मान वर करून काहीतरी चिरकं ओरडून दाखवलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

भिंतीपलीकडं आमच्या भाभी राहतात. त्यांच्या सासऱ्यांपासून आमचं शेजारपण आहे. भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून त्या सगळं बघत होत्या. मला एकच लेक, मुलगा नाही, यावरून सगळ्या गल्लीनं मला काय काय ऐकवलेलं त्यांना ठाऊक होतं.

"अगे, पोरगा नाही, पोरगा नाही म्हणून गल्ली रडत होती ना तुझ्या नावानं?" त्या म्हणाल्या. "ले! अल्लानं एकदम सहा दिले."

दोघी इतक्या हसलो की त्यांचा चहा उतू गेला.

पण हसणं तेवढंच. ज्या दिवशी सहाच्या सहा पहिल्यांदा एकदम आरवले त्या दिवशी दीर सकाळी सकाळीच हजर. आमचे मालक ओसरीवर चहा पीत बसले होते. मालकांचं सगळं जग म्हणजे त्यांच्या शेळ्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, आपल्या धाराशिवच्या. शेळीपुढं त्यांना बायको दिसत नाही. शेळ्यांशी दिवसभर बोलून बोलून घरात बोलायला त्यांच्याकडं शब्द उरत नाहीत, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

"एवढ्यांचं काय लोणचं घालता का वयनी?" दीर म्हणाले. "आखाड आलाय तोंडावर."

"न्हाय कापायचे," मी म्हटलं.

"एक तांबडा ठिवा की. बाकीचे..."

"एकबी न्हाय."

तेव्हा मालक बोलले. "दोन नर एका दावणीला ऱ्हात न्हाईत. म्या बोकडाचं बघतो की रोज. डोकी फोडून घेत्यात. रगत निघंल."

खरं तर ते साधं बोलले होते. पण "म्या बघतो की रोज" हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं, त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जनावराचं काय ते यांनाच कळतं, आम्ही इथं नुसत्या भाकरी भाजतो!

"बोकड तुमचे असतील तसे," मी म्हटलं. "हे माझ्या हातचे हायेत. एका परसात सहाच्या सहा ठिवून दाखवते. आन् ज्या दिवशी रगत दिसंल ना, त्या दिवशी म्या सोत्ता पाटा मांडीन आन् सोत्ता मसाला वाटीन. सगळे पातेल्यात."

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं आपण काय बोललो ते. दिरांनी लगेच मांडीवर थाप मारली. "दादा, म्या साक्षीला हाय बरं!" मालकांनी चहाची बशी खाली ठेवली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि शेळ्यांकडं निघून गेले. मी मान ताठ ठेवली. आत जाऊन मात्र पाण्याचा तांब्या भरून घटाघटा प्यायले. माझा शब्द मी कधी मोडत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. हीच तर पंचाईत होती.

त्या दिवसापासून मी त्या सहांच्या मागं लागले, म्हणजे त्यांना नीट बघायला लागले. पहिली गोष्ट, कोंबड्या. माझ्याकडच्या तीन कोंबड्या मी भिंतीवरून भाभींच्या अंगणात दिल्या. त्यांचा स्वतःचा कोंबडा होताच. अंडी निम्मी त्यांची, निम्मी माझी. मादी समोर नसली की नरांची निम्मी भांडणं मिटतात. भाभी म्हणाल्या, "हे आपल्या गावातल्या बाप्यांवर बी करून बघायला पाहिजे." मी म्हटलं, आधी कोंबड्यांवर जमू दे.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. मी सगळ्यांना एकदम, एका जागी दाणे टाकायची आणि तिथंच छाताडाला छाताड भिडायचं. रगत नाही, पण माझा जीव टांगणीला. मग एकदा लक्षात आलं, अगं, हे तर आपल्या जत्रेसारखंच चाललंय. आमच्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा, दुसरा कुणाचा, पालखीला खांदा आधी कुणाचा, हे सगळं ठरलेलं असतं. ते पाळलं की जत्रा सुखात होते. एखाद्या वर्षी पुजाऱ्यानं चुकून दुसऱ्याचा नारळ आधी फोडला की झालं, काठ्या निघाल्याच. नारळ काय कुणाला खायचा नसतो. मान पाहिजे असतो. कोंबड्याचंही तेच. पोटाला सगळ्यांनाच मिळतं, पण आधी कुणाला, ते महत्त्वाचं.

मग मी त्यांचा मान ओळखला. पहिला तांबडा. त्याच्या खाली काळा. मग कवड्या, अंगावर ठिपके असलेला. मग पांढरा, दिसायला नवरदेव पण स्वभावानं भित्रा. मग उघडमान्या, ज्याच्या मानेवर पिसंच नाहीत. आणि सगळ्यांत शेवटी बुटका. हा क्रम मी ठरवला नाही, त्यांनी त्यांचा ठरवला होता, मी फक्त पाळायला लागले. पहिली मूठ तांबड्याला, चार पावलं सोडून दुसरी काळ्याला, असं करत शेवटची बुटक्याला, पार शेळ्यांच्या गोठ्याच्या कडेला. बसायला बाभळीची लाकडं टाकली ती सगळी एकाच उंचीची. एक उंच, एक खाली असं ठेवलं की उंचावरून भांडण. कडब्याच्या पेंढ्या कोपऱ्याकोपऱ्यात उभ्या केल्या. ज्याला मार खायचा नसेल त्यानं पेंढीमागं जावं, मारणाऱ्याला तो दिसला नाही की तो विसरून जातो. माणसाला हे जमत नाही, कोंबड्याला जमतं.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यांत मोठी. कोंबडा एकदा त्यांच्या नजरेआड गेला की तो परका झाला. परत आला की पुन्हा पहिल्यापासून मारामारी. उघडमान्याच्या पायात बोराटीचा काटा मोडला होता, पाय सुजला. घरात आणून ठेवला असता तर बरा झाल्यावर त्याचं काही खरं नव्हतं. मी त्याला परसातच, सगळ्यांच्या मधोमध, डालग्याखाली ठेवला. बाकीचे येता जाता त्याला बघायचे, तो त्यांना बघायचा. पाय बरा झाला, डालगं उचललं, तो उठून आपल्या जागी गेला. कुणी मान वर करून बघितलं नाही. त्या दिवशी मी परसात एकटीच उभी राहून हसले. एवढा आनंद मला दहावी पास झाल्यावर झाला नव्हता.

एकदा गल्लीत वरात आली. तेरखेड्याहून आणलेल्या फटाक्यांच्या माळा आमच्या दारापुढंच लावल्या. धूर, आवाज, शेळ्या दावं तोडायला लागल्या. मालक शेळ्यांकडं धावले, मी परसात. बघते तर सहाही जण एकाच पेंढीमागं दाटीवाटीनं बसलेले. तांबडा सगळ्यांच्या पुढं आणि बुटका त्याच्या पंखात तोंड खुपसून. पहिल्याच्या पंखात शेवटचा! मला एकदम त्यांची आई आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. मी पदरानं डोळे पुसत होते तेव्हा मालक गोठ्याच्या दारात उभे होते. तसेच शेळ्यांकडं वळले. ते कुठं काय बोलतात!

सकाळी मात्र त्यांची एक सवय झाली होती. दात घासत परसात येऊन उभं राहायचं. मी दाणे टाकायची तेवढा वेळ ते मिश्रीचं बोट तोंडात धरून बघत राहायचे आणि मग गोठ्याकडं जायचे. मला वाटायचं, रगत दिसतंय का ते बघतायत. बघा म्हटलं, डोळे फाडून बघा. मी मुद्दाम त्यांच्यासमोर सावकाश दाणे टाकायची.

एक आखाड गेला. दिवाळी गेली. दिरांनी आशा सोडली नव्हती, "अजून न्हाय का कुणाचा तुरा फाटला?" असं अधूनमधून विचारायचेच. मग लेकीला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर वाढलं, धाराशिवच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मी तिच्याजवळ, आणि इकडं परसात दाणे टाकायला भाभी. त्यांना मी क्रम पाठ करायला लावला होता, तांबडा, काळा, कवड्या. त्या म्हणाल्या, "मेरेकु माझ्या दिरांची नावं याद नाहीत, तुझे कोंबडे याद झाले." दवाखान्याच्या खिडकीत बसून मी शिवेवरच्या लक्ष्मीआईला नवस बोलले. माय, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी येऊ दे, तुला कोंबडा दाखवीन. कापीन म्हणाले नाही. दाखवीन म्हणाले. देवीशी बोलतानाही मी माझी अक्कल जाग्यावर ठेवली होती.

सगळं सुखरूप झालं. नातू झाला. आणि पुढच्या आखाडात लेक, जावई आणि नातू नवस फेडायला आले. जावई सोलापूरला कामाला, स्वभावानं गरीब, पण आखाडात सासुरवाडीला आलेला जावई म्हटल्यावर त्याच्याही तोंडाला पाणी सुटणारच. दिरांनी त्यांना आल्या आल्या परसाच्या दाराशी नेलं. "जावईबापू, सहा हायेत. पसंत करून ठिवा. आज ना उद्या मसाला वाटायचाच हाय." जावई बिचारे तांबड्याकडं बघून मान हलवत होते. मी लांबूनच म्हटलं, "भाऊजी, पसंत करायला ती काय सोयरीक हाय का?"

देवीला मी बुटक्याला न्यायचं ठरवलं. तो अंगानं हलका, स्वभावानं गरीब, बाळाला नखी लागायची भीती नाही. कडेवर नातू, काखंत कोंबडा, मागं लेक ओटीचं ताट घेऊन, अशी मी गल्लीतून निघाले. काय सांगू, त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. ज्या बाया मला मुलगा नाही म्हणून हळहळायच्या त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. बघा म्हटलं, पोटभर बघा.

शिवेवर लिंबाखाली हलगी वाजत होती, बायांची गर्दी. आमच्याकडं नवसाचं जनावर आलं की जमलेल्या सगळ्या बाया त्याला कुंकू लावतात. नवस पावला म्हणजे त्या जनावराला देवीचा हात लागला, आपल्यालाही त्याचं पुण्य. आधी एका म्हातारीनं चिमूटभर लावलं, मग दुसरीनं, मग ज्या येतील त्या मूठ मूठ. लिंबाच्या पानानं वर पाणी शिंपडलं. बुटक्याचं डोकं, मान, चोच, सगळं लालेलाल. मला ते इतकं शोभिवंत वाटलं की मी ते पुसलं नाही. देवीचं कुंकू कोण पुसतं? तसाच त्याला मिरवत घरी आणला आणि तसाच परसात सोडला. फार वेळ झाला नव्हता, मनात म्हटलं, एवढ्यात काही तो परका होत नाही.

परका झाला असता तर परवडलं असतं. कोंबड्यांच्यात ज्याचा तुरा लाल, त्याचा मान मोठा. आमच्या बुटक्याला तुरा असा नव्हताच, बोटभर फिक्कट काहीतरी. आणि आता तो शेवटच्या जागेवरचा कोंबडा तांबड्यापेक्षाही लाल डोकं घेऊन दारातून आत आला. तांबड्यानं त्याला बघितलं. त्याच्या मानेची पिसं छत्रीसारखी फुलली. मला काही कळायच्या आत त्यानं झेप टाकली, त्याच्या मागं काळा, आणि मग सगळेच. एकच कालवा. पिसं उडाली.

"अगे, पकड उसकु!" भिंतीवरून भाभी ओरडल्या. "लाल दिसतोय तो त्यांना! लाल!"

मी आडवी पडले त्यांच्यात. हातावर दोन टोचे बसले, साडी फाटली, पण बुटक्याला उचलला आणि पेंढीमागं घेतला. आवाज ऐकून ओसरीवरचे सगळे परसाच्या दारात. पुढं दीर, मागं जावई, त्यांच्या मागं बाळाला घेतलेली लेक. माझे हात लाल, बुटका लाल, पदर लाल.

"रगत!" दीर ओरडले. "रगत निघालं दादा! वयनी, काढा पाटा!"

"कुंकू हाय ते, देवीचं," मी म्हटलं आणि शेळ्यांच्या डोणीतलं पाणी ओंजळीनं त्याच्या डोक्यावर घालायला लागले. लाल पाणी वाहिलं, कुंकू निघालं, खालचा फिक्कट तुरा दिसला. मी श्वास सोडणार तेवढ्यात तुऱ्याच्या बुडाशी पुन्हा एक लाल थेंब आला. मी तो धुतला. पुन्हा आला.

दिरांना लांबून ते दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त मला. पदर टाकला असता तर झाकलं गेलं असतं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. शब्द मी दिला होता, माझ्या तोंडानं, चारचौघांत. ज्यांना मी मांडीवर झोपवलं त्यांच्यासाठी पाटा मांडायचा होता. त्या दिवशीच्या माझ्या रागाला मी मनातल्या मनात लाख शिव्या दिल्या.

मालक गोठ्यातून आले. दिरांना बाजूला सारून सरळ माझ्याजवळ आले. मी बुटक्याला दोन्ही हातांत धरून त्यांच्यापुढं केलं. त्यांनी त्याचं डोकं आपल्या तळहातावर घेतलं, अंगठ्यानं तुऱ्याचं बूड पुसलं. अंगठा लाल झाला. ते अंगठ्याकडं बघत राहिले. माझी मान खाली.

"काय हाय दादा?" दारातून दीर. "रगत हाय ना?"

"कुंकू हाय," मालक म्हणाले.

"पन..."

"कुंकू हाय म्हनलं ना! माझं डोळं फुटल्यात का?" एवढ्या मोठ्या आवाजात ते शेळीवरसुद्धा कधी ओरडले नव्हते. भिंतीवर भाभींनी तोंडाला पदर लावला. मालकांनी अंगठा खांद्यावरच्या टॉवेलला पुसला, आत जाऊन चुलीतली चिमूटभर राख आणली आणि बुटक्याच्या तुऱ्याला दाबून धरली. रगत थांबलं, लाल रंग राखेत गेला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ज्वारी आण."

मी सूप आणून दिलं. मला वाटलं, आता दाणे एका जागी फेकतील आणि पुन्हा गोंधळ होईल. मी सांगायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. त्यांनी पहिली मूठ तांबड्यापुढं टाकली. चार पावलं चालून दुसरी काळ्यापुढं. मग कवड्या. मग पांढरा. मग उघडमान्या. मग गोठ्याच्या कडेला जाऊन त्यांनी बुटक्याला खाली ठेवलं आणि शेवटची मूठ त्याच्यापुढं टाकली. तांबड्यानं एकदा मान वर करून बुटक्याकडं बघितलं. राखाडी डोकं, बारका तुरा, शेवटची मूठ, आपल्या जागी. त्यानं मान खाली घातली आणि दाणे टिपायला लागला. मानेवरची पिसं खाली बसली.

एक पाऊल चुकलं नाही त्या माणसाचं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मी तर कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, दात घासत उभे राहून ते रोज काय बघत होते ते. माझ्या छातीत काय भरून आलं ते मी सांगत नाही, नाहीतर पुन्हा रडायला येईल.

"बघती काय?" रिकामं सूप माझ्या हातात देत ते म्हणाले. "जावई उपाशी हायेत. वांगी कर."

पाटा मी मांडलाच. रगत दिसलं तर मसाला वाटीन म्हटलं होतं, तर मसाला वाटला. खोबरं, तीळ, शेंगदाणे, लसूण, सगळं हात दुखेपर्यंत वाटलं आणि वांग्यांत भरलं. जावयांनी चार भाकरी खाल्ल्या आणि अशी वांगी आपण कधी खाल्ली नाहीत म्हणाले. दिरांनीही दोनदा रस्सा मागून घेतला, तोंड वाकडं करून का होईना. मालकांना वाढताना मी बघितलं, त्यांच्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला अजून लाल होतं.

"हात नीट धुवा की," मी हळूच म्हटलं. "ते काय हाय नखात?"

"कुंकू," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

सहाही कोंबडे अजून आहेत. पहाटे आधी तांबडा आरवतो, मग त्याचा आवाज संपला की काळा, असं करत शेवटी बुटका, चिरक्या आवाजात. त्याच्या तुऱ्याच्या बुडाशी एक बारकी खूण राहिलीय. मी दाणे टाकते आणि मालक मिश्रीचं बोट तोंडात धरून उभे असतात. आता पाच मुठी मी टाकते आणि बुटक्याची शेवटची मूठ टाकायला सूप त्यांच्या हातात देते.